‘मॅडम, माझं डोपामाइन संपलंय का?’

पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकणारी २१ वर्षांची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली, तेव्हा तिने स्वतःचे निदान स्वतःच करून आणले होते. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) अभ्यासाला बसले की दर पाच-दहा मिनिटांनी मोबाइल हातात येतो, त्यात आता पूर्वीसारखी मजाही वाटत नाही, तरीही हात थांबत नाही, अशी तिची तक्रार होती. कुठेतरी वाचून तिने ‘डोपामाइनचा उपवास’ही, म्हणजे डोपामाइन या मेंदूतील रसायनाला चाळवणाऱ्या गोष्टींपासून काही दिवस दूर राहण्याचा प्रयोगही, करून पाहिला होता. चार दिवस मोबाइल कपाटात कुलूपबंद ठेवला आणि पाचव्या दिवशी तो आधीपेक्षा जास्त वेळ पाहिला. “मॅडम, माझं डोपामाइन संपलंय का? मेंदू एकदा असा बिघडला की परत नीट होतो का?” हा तिचा प्रश्न होता, आणि अलीकडे हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला अनेकजण विचारतात.

ती बोलत होती तेव्हा मोबाइल टेबलावर पालथा ठेवलेला होता. बोलण्याच्या ओघात तिचा हात तिकडे जाई, मोबाइल सुलटा होई, पडदा पाहून झाला की पुन्हा पालथा. पन्नास मिनिटांत हे ११ वेळा घडले. मला महत्त्वाची वाटली ती एक बारीक गोष्ट: मोबाइल उचलतानाच्या क्षणी तिच्या डोळ्यांत किंचित जाग येई आणि पडद्यावर नवे काही नाही असे दिसताच ती मावळे. ज्याला ती ‘संपलेले डोपामाइन’ म्हणत होती, त्याचे काम माझ्या डोळ्यांसमोर व्यवस्थित चालू होते.

अर्थात, एवढ्यावरून मी निष्कर्ष काढला नाही. झोप, भूक, मैत्रिणींमधला रस, मनात येणारे निराशेचे विचार यांची चौकशी आधी केली, कारण कशातच रस न वाटणे हे नैराश्याचेही लक्षण असू शकते आणि तसे असते तर मी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते. तिच्या बाबतीत ते चित्र नव्हते. गाणे ऐकताना, धाकट्या भावाशी गप्पा मारताना तिला पूर्वीइतकाच आनंद होत होता.

मग मी तिला सांगितले की डोपामाइन म्हणजे आनंदाची टाकी नव्हे. ‘आनंदाचे रसायन’ हे त्याला चिकटलेले नाव मला व्यक्तिशः फार त्रासदायक वाटते, कारण निम्मी भीती त्या नावातूनच जन्माला येते. त्या समजुतीला इतिहास आहे. १९५४ मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतील काही ठिकाणी तारा बसवल्या, तेव्हा तेथे विजेचा सौम्य झटका मिळावा म्हणून ते उंदीर पुन्हा पुन्हा कळ दाबू लागले. हे ‘सुखाचे केंद्र’ असावे असे मानले गेले आणि पुढे डोपामाइनचे नाव त्याला जोडले गेले. परंतु नंतर मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांच्या प्रयोगांत असे दिसले की ज्या उंदरांच्या मेंदूतील डोपामाइन जवळजवळ नष्ट केले होते, ते स्वतःहून अन्नाकडे जात नसत, पण गोड द्रव तोंडात घातला की इतर उंदरांप्रमाणेच जिभल्या चाटत. म्हणजे आवडणे आणि हवेसे वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डोपामाइनचा संबंध मुख्यतः दुसरीशी आहे. मजा नसताना हात का जातो, याचे अर्धे उत्तर येथे होते.

उरलेले अर्धे मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांत आहे. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की मध्यमेंदूतील डोपामाइन सोडणाऱ्या चेतापेशी क्षणभर जोरात सक्रिय होत. रसाआधी दर वेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली, तेव्हा काही काळाने या पेशी रसाला नव्हे तर खुणेला प्रतिसाद देऊ लागल्या, आणि ठरलेला रस मिळाला तरी शांतच राहिल्या. खूण दिसूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या अपेक्षित क्षणी त्यांची नेहमीची संथ लयही खाली गेली. १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांनी याचा अर्थ मांडला: हा संकेत बक्षिसाचा नसून अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातील तफावतीचा आहे. अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले तर आधीची कृती पक्की होते, कमी मिळाले तर ती सैल होते, जेवढे वाटले तेवढेच मिळाले तर शिकण्यासारखे काही उरत नाही.

“पण मला तर बहुतेक वेळा काहीच मिळत नाही. मग ती सवय सुटायला हवी होती ना?” तिने विचारले. शंका अगदी रास्त होती. अडचण ‘बहुतेक वेळा’ या शब्दांत आहे. कधी मिळेल याचा नेम नसला की अपेक्षा कधीच पक्की बसत नाही, त्यामुळे अधूनमधून आलेला एखादा चांगला संदेश प्रत्येक वेळी अनपेक्षितच ठरतो आणि सवयीला नव्याने बळ देऊन जातो. शुल्ट्झ यांच्याच प्रयोगशाळेतील २००३ च्या एका अभ्यासात, रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना खूण आणि रस यांच्या मधल्या वेळात या पेशींची सक्रियता सर्वाधिक चढत गेलेली आढळली. तो मधला वेळ म्हणजे तिच्या डोळ्यांतली जाग, असे मी तिला गमतीने म्हटले. शास्त्रीय पुरावा म्हणून नव्हे, समजायला सोपे जावे म्हणून.

उपवासाऐवजी मी तिला एक वही दिली. मोबाइल सुलटा करण्याआधी ‘किती छान काही असेल’ याला शून्य ते दहा गुण द्यायचे, पाहिल्यावर प्रत्यक्षाला गुण द्यायचे, बाकी कसलेही बंधन नाही. दोन आठवड्यांनी ती वही घेऊन आली, तेव्हा पानेच्या पाने ‘६ आणि २’, ‘५ आणि १’ अशा जोड्यांनी भरलेली होती, आणि मध्येच एखादी ‘४ आणि ९’. त्या नऊवर बोट ठेवून ती म्हणाली, “हा एक मला आठवडाभर फिरवतो.” हे मी तिला सांगितले असते तर ते तिला इतके पटले नसते.

त्यानंतर दोन बदल केले. संदेशांची सूचना बंद करून ते पाहण्याच्या वेळा तिने ठरवल्या, म्हणजे अनिश्चितता कमी झाली. दुसरा बदल अभ्यासात होता. ती तासन् तास नुसते वाचत असे आणि त्याचे फळ परीक्षेनंतर, महिन्यांनी मिळे. कृती आणि परिणाम यांत इतके अंतर पडले की तफावतीचा संकेत कोणत्या कृतीला जोडायचा हे ठरणे अवघड होते. म्हणून तिने प्रत्येक प्रश्नाचे उत्तर उघडण्याआधी आपला अंदाज लिहायचा आणि लगेच पडताळायचा, असे ठरले. बरोबर आले तर आश्चर्य, चुकले तरी आश्चर्य, आणि दोन्ही काही सेकंदांत. एकदा अगदी खात्रीने लिहिलेले उत्तर चुकले तेव्हा आपण चिडून तो धडा पुन्हा वाचला, हे तिने मला हसत सांगितले.

जुनी सवय पुसली जात नाही, तिच्यावर नवे शिकणे चढते, आणि ताण आला की जुने वर येते, हे मी तिला आधीच सांगून ठेवले होते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिचा फोन आला. “मॅडम, परत सुरू झालंय. म्हणजे सगळं वाया गेलं का?” मी वहीचे नाव काढणार, एवढ्यात तिने स्वतःच त्या दिवशीची पहिली ओळ वाचून दाखवली: अपेक्षा ७, प्रत्यक्ष १.