प्लास्टिकच्या दाण्याचा कारखाना काढताय? आधी माल बघा

भंगारातलं प्लास्टिक वितळवून त्याचे दाणे करायचे, तर मशीन कुठलं घेऊ, हे तुम्ही पहिलं विचारलंत. ते शेवटी ठरवा. आधी भंगारवाल्यांच्या गोदामांत फिरा. एकाच जातीचा माल रोज किती मिळतो, काय भावाने, ते वहीत लिहा. एलडीच्या (मऊ पॉलिथिनच्या) पिशव्या, पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीनच्या) गोण्या, एचडीचे (कडक पॉलिथिनचे) डबे, यातलं सुरुवातीला एकच धरा. सगळं एकत्र वितळवून निघालेल्या दाण्याला गिऱ्हाईक मिळत नाही. मिळालंच तर पडत्या भावाने मागतं.

माल ओळखायला तुकडा पाण्यात टाका. पीई (पॉलिथिन, म्हणजे एलडी आणि एचडी दोन्ही), पीपी तरंगतात. पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), पीव्हीसी (पाइपांचं) बुडतात. (खडूची पूड जास्त मिसळलेली पीपीची गोणीही बुडते, तेव्हा फसू नका.) पीव्हीसीवर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. जास्त तापलं की ते हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं. एक्स्ट्रुडरचं, म्हणजे प्लास्टिक वितळवून ढकलणाऱ्या मशीनचं, स्क्रू-बॅरल गंजतं, आणि कामगारांच्या छातीत जातं ते वेगळंच.

ओला माल एक्स्ट्रुडरमध्ये गेला की दाण्यात बुडबुडे येतात, म्हणून ड्रायरच्या खर्चाला कात्री लावू नका. हिशेबात घट धराच. माती, लेबल, पाणी, सगळं तुम्ही किलोच्या भावाने विकत घेतलेलं असतं!

महाराष्ट्रात असाल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची संमती शेड बांधण्याआधी घ्या, चालवण्याची उत्पादनाआधी. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांखालची नोंदणीही लागते. त्याशिवाय ईपीआर प्रमाणपत्रं (प्लास्टिक बाजारात आणणाऱ्या कंपन्या आपली कचऱ्याची जबाबदारी भागवायला घेतात ती) विकता येत नाहीत. धुण्याचं पाणी नाल्यात सोडायचा बेत असेल, तर हा धंदा नकोच. आणि जागेचा इसार देण्याआधी तिथे किती विजेचा भार मंजूर होईल, ते विचारून घ्या.