अकरावीतल्या मुलीच्या अमेरिकन साहित्याच्या निबंधांवर 'हा सारांश झाला, विश्लेषण कुठे आहे?' असाच शेरा येतो. घरी काय करून घ्यावं?

मुलगी न्यू जर्सीत शिकते, भरपूर वाचते आणि तरीही प्रत्येक निबंधावर हाच शेरा येतो, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय उन्हाळ्याच्या सुट्टीत आणखी कोणत्या कादंबऱ्या द्याव्यात, असंही विचारलंय. कादंबऱ्यांचं आधी सांगते: एकही देऊ नका. जास्त वाचलं की लिहिणं आपोआप सुधारतं, हे मला मुळीच मान्य नाही. हा विषय शिकवणाऱ्यांमध्ये हा वाद जुना आहे आणि मी उघडपणे एका बाजूची आहे. अख्खी कादंबरी हातात आली की मुलांची सगळी शक्ती कथानक लक्षात ठेवण्यात जाते आणि निबंधातही तेच उतरतं. विश्लेषण शिकायला एक पान पुरतं.

ते पान लिंकनच्या गेटिसबर्गच्या भाषणाचं घ्या, अमेरिकन यादवी युद्धातल्या रणभूमीवर, तिथे पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीच्या अर्पण-सोहळ्यात केलेलं. तारीख 19 नोव्हेंबर 1863, जेमतेम 270 शब्द, दहा वाक्यं. त्यात गोष्टच नाही, त्यामुळे 'मग काय झालं' लिहून वेळ मारून नेता येत नाही. ओळींमध्ये भरपूर जागा सोडून कागदावर छापा, वाक्यांना क्रमांक द्या, पेन्सिल द्या. लॅपटॉप बंद.

पहिल्या वाचनात फक्त पुन्हापुन्हा येणाऱ्या शब्दांभोवती गोल करायचे. 'डेडिकेट' आणि 'डेडिकेटेड' मिळून सहा ठिकाणी सापडले पाहिजेत. पाच सापडले तर परत वाचायला लावा. दुसऱ्या वाचनात त्या प्रत्येक ठिकाणी समासात एवढंच लिहायचं: कोण, कशाला अर्पण करतंय? पहिल्या ठिकाणी नवं राष्ट्र, 'सर्व माणसं समान' या तत्त्वाला वाहिलेलं. दुसऱ्या ठिकाणी तसं वाहिलेलं कुठलंही राष्ट्र टिकेल का, ही शंका. तिसऱ्या ठिकाणी जमलेले लोक रणभूमीचा एक तुकडा अर्पण करायला आलेत. चौथ्या ठिकाणी लिंकन म्हणतो, ते आपल्या हातून होणारच नाही, कारण इथे लढलेल्यांनी ते आधीच केलंय. शेवटच्या दोन्ही ठिकाणी अर्पण व्हायचंय ते जिवंत माणसांनी, अपुऱ्या राहिलेल्या कामाला. या सहा नोंदी एकाखाली एक दिसल्या की दावा समोरच असतो: जमीन अर्पण करायला आलेल्या श्रोत्यांनाच लिंकन स्वतःला अर्पण करायला सांगतो. हे वाक्य तुम्ही तिला सांगायचं नाही. वीस मिनिटं लागली तरी थांबा.

तिसऱ्या वाचनात एकच प्रश्न. भाषण 87 वर्षं मागे जाऊन सुरू होतं. वजाबाकी तिलाच करू द्या: 1776, म्हणजे स्वातंत्र्याचा जाहीरनामा. संविधानाचा मसुदा 1787चा, मग राष्ट्राचा जन्म तिथून का मोजला नाही? मूळ संविधानात पळून गेलेल्या गुलामाला मालकाकडे परत देण्याचं कलम होतं. समानतेचं वाक्य जाहीरनाम्यात होतं. भाषणात गुलामगिरी हा शब्द एकदाही येत नाही, तो मुद्दा ही तारीख मांडते. आणि इथेच तिला सांगा की जोतीराव फुल्यांनी 1873मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. हा धागा तिला शाळेत मिळण्याची शक्यता फार कमी आणि तो तिच्या हक्काचा आहे.

आता लिहिणं. निबंध नाही, एकच परिच्छेद, साधारण 150 शब्द, पहिला खर्डा हाताने. पहिलं वाक्य असं हवं की समोरचा म्हणू शकेल, 'मला नाही पटत.' 'लिंकन पुनरुक्ती वापरून भाषण परिणामकारक करतो' हे जगातल्या कुठल्याही भाषणाला चिकटवता येतं, म्हणून तो दावा नव्हे. अवतरण आठ शब्दांच्या आतलं आणि तिच्याच वाक्यात गुंफलेलं. अवतरण एकटं वाक्य म्हणून टाकून पुढच्या मुद्द्याकडे उडी मारणं हा सर्वांत जास्त दिसणारा दोष आहे. प्रत्येक अवतरणामागे तिची स्वतःची किमान दोन वाक्यं हवीत. 'यावरून दिसतं की' या सुरुवातीला बंदी घाला. त्यानंतर बहुतेक वेळा अवतरणाचाच अर्थ पुन्हा येतो.

मग रंग. मजकुरात काय आहे ते सांगणारी वाक्यं पिवळी, अवतरणं हिरवी, तिचा विचार निळा. निळं निम्म्याहून कमी असेल तर शेरा योग्यच होता. पिवळी वाक्यं खोडा. ज्याने भाषण वाचलंय त्याला ती काहीच नवीन सांगत नाहीत. मग तोच परिच्छेद दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायचा. नवा विषय नको. पुनर्लेखनाला वेळ वाया घालवणं म्हणणारे शिक्षक मला माहीत आहेत आणि त्यांच्याशी मी कायम भांडेन, कारण वाक्य सुधारतं ते दुसऱ्या-तिसऱ्या खर्ड्यातच.

शेरा इतका त्रोटक का, तेही समजून घ्या. पाच वर्ग, प्रत्येकात 28 मुलं धरली तर 140 निबंध; एकाला दहा मिनिटं दिली तरी 23 तासांवर जातं. परिच्छेद दोन मिनिटांत तपासून होतो, म्हणजे पाच तासांच्या आत सगळे. म्हणूनच मी आठवड्याला एक परिच्छेद या बाजूची आहे आणि सहामाहीत दोन लांबलचक पाच-परिच्छेदी निबंध या पद्धतीच्या विरुद्ध. त्या साच्यात मुलं तीन मुद्दे शोधायचे म्हणून शोधतात आणि एकाच्याही खोलात जात नाहीत.

अर्थात, ती एपी लँग्वेज (शाळेतच घेता येणारा कॉलेजच्या पातळीचा इंग्रजीचा अभ्यासक्रम, शेवटी परीक्षा) घेत असेल तर थोडं वेगळं. तिथे वेळ मोजून मिळतो, साधारण 40 मिनिटांना एक निबंध, त्यामुळे आधीच ठरलेला आराखडा कामाला येतो. पण गुण पाहा: सहापैकी एक थिसिसला, म्हणजे मुख्य दाव्याला, चार पुरावा आणि भाष्याला, एक प्रगल्भतेला. त्या चारांपैकी नुसत्या सारांशाला एकच मिळतो. आणि घरात इंग्रजी नव्यानेच आलं असेल तर सुरुवातीचे काही परिच्छेद वाक्यांचे तयार सांगाडे देऊन लिहून घ्यायला माझी हरकत नाही.

भाषण झालं की गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसच्या 1845च्या आत्मकथनातलं सातवं प्रकरण घ्या, बाल्टिमोरमधल्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन तो वाचायला शिकतो ते. इथे गोष्ट आहे, म्हणजे पिवळा रंग परत वाढेल, तो वाढू देऊ नका. आणि शिक्षिकेला मेल करायचीच असेल तर गुणांबद्दल नको. जुन्या निबंधातला एकच परिच्छेद पुन्हा लिहून आणला तर पाहाल का, एवढंच मुलीने स्वतः विचारावं.