गाडी येते, पण थांबवता येते का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलाला 18 पूर्ण झाली, लर्निंग निघालं, आता 150 सीसीची गाडी पाहिजे म्हणून मागे लागलाय. गाडी त्याला येते, मामाच्या गाडीवर शिकलाय. तरी मला वाटतं नीट क्लास लावावा, पण इथले मोटर ट्रेनिंग स्कूलवाले म्हणतात टू व्हीलरचं काय शिकवायचं, आठचा आकडा तेवढा काढून घेतो. मी काय करू?
– एक आई, कराड

उत्तर: ताई, 'येते' म्हणजे काय येतं ते आधी त्याला विचारा. क्लच सोडता येतो, गियर पडतात, ट्रॅफिकमधून कट मारून निघता येतं, झालं. आपल्याकडे सगळेच असे शिकतात, मामा काका दादा कुणीतरी मागे बसतो आणि 'सोड सोड, हळू सोड' म्हणतो आणि गाडी चालायला लागली की शिकवणी संपली. आरटीओतही आठ काढताना पाय टेकला नाही म्हणजे पास. आठ काढणं वाईट नाही, बॅलन्स कळतो, पण ते सगळं चालण्याच्या वेगात असतं आणि 50च्या स्पीडला समोर म्हैस आली तर काय करायचं याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तर क्लास नाही मिळाला तरी हे करा. रविवारी मार्केट यार्ड किंवा कॉलेजचं मोकळं ग्राउंड बघा, जमीन कोरडी आणि टणक पाहिजे, खडी नको. अंगात जाड जॅकेट, पायात बूट, हेल्मेट. खडूने एक रेघ मारा आणि त्याला सांगा 20च्या स्पीडला ये, रेघेवर आलास की ब्रेक मारायला सुरू कर, गाडी सरळ ठेव, दोन्ही ब्रेक, पुढचा एकदम आवळायचा नाही, दाबत दाबत वाढवायचा. कुठे थांबला तिथे दुसरी रेघ. हाताला सवय झाली की मग 30, मग 40. इथे मुलांचे डोळे उघडतात, कारण 50च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर पुढे जाते, म्हणजे म्हैस दिसून बोट लिव्हरवर जाईपर्यंतच एक एसटी मावेल एवढं अंतर गेलेलं असतं आणि ब्रेक अजून लागलेलाच नसतो.

दुसरं म्हणजे नजर. नवीन पोरं खड्ड्याकडे बघतात आणि बरोबर खड्ड्यातच जातात, कारण गाडी नजर असेल तिकडेच जाते. खड्ड्याच्या बाजूची मोकळी जागा बघायची सवय लावा, वळणावर तर वळण जिथे संपतं तिकडे बघायचं.

आणि तुमच्या भागात तर उसाचा सीझन सुरू झाला की रात्री त्याला गाडी देऊच नका, निदान पहिलं वर्षभर. मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, दोन दोन ट्रॉल्या लावून चाललेला ट्रॅक्टर समोरच्या गाडीच्या डिपरमध्ये दिसतच नाही, भल्याभल्यांना दिसत नाही तर याचं काय. पहिल्या पावसातही तेच, रस्त्यावरचं तेल आणि माती एक झालेली असते. मित्र मागे बसवणं पण बंद, लर्निंगवर असताना शिकवणारा सोडून कुणाला मागे बसवता येत नाही हा नियमच आहे, फक्त तो कुणाला माहीत नसतो. पक्कं लायसन 30 दिवसांनी काढता येतं पण लर्निंग सहा महिने चालतं, घाई कशाला करता?

प्रश्न: वडील म्हणतात पुढचा ब्रेक कधीच मारायचा नाही, माणूस उडून पडतो. यूट्यूबवाले म्हणतात पुढचाच मारा. खरं काय?
– एक वाचक, बार्शी

उत्तर: वडिलांनी कुणालातरी पडताना बघितलं असणार, म्हणून म्हणतात. हँडल वळलेलं असताना किंवा वाळूवर, मुरमावर पुढचा ब्रेक एकदम आवळला तर माणूस पडतोच. पण सरळ कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होतं, त्यामुळे मागचा कितीही दाबला तरी चाक नुसतं घासत जातं. फक्त मागच्यावर थांबायला जवळपास दुप्पट जागा लागते. अमेरिकेत लॉस एंजेलिसला 900च्या आसपास मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले होते, त्याचा रिपोर्ट 1981 ला आला, त्यात हेच निघालं की घाबरलेला माणूस मागचं चाक लॉक करतो आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरतच नाही. आणि त्यातले 92 टक्के लोक आपले आपण नाहीतर घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले. म्हणजे मामाचा क्लास तिकडेही होता. 😄

125 सीसीच्या वरच्या नवीन गाड्यांना 2019 पासून एबीएस आहे, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, पण पुष्कळ गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं, घेताना विचारा.

प्रश्न: मुलगी दहावीत, 16 पूर्ण. ट्यूशन लांब आहे. स्कूटर दिली तर चालेल ना, सगळेच देतात.
– एक पालक, नांदेड

उत्तर: नाही. 16व्या वर्षी लायसन मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचं, तशी गाडी आता शोरूमला मिळत नाही, तुमची 110ची असणार. पकडली गेली तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय तिला 25 वर्षं होईपर्यंत लायसन नाही. ताशी 25 च्या आतली आणि 250 वॉटच्या आतली इलेक्ट्रिक गाडी बिनलायसनची चालते, पण हेल्मेट तिथेही घालायला लावा. नाहीतर सायकल.

प्रश्न: सरकारने नेमकं काय करावं असं तुम्हाला वाटतं? नुसता दंड वाढवून काय होणार?
– एक निवृत्त शिक्षक, चिपळूण

उत्तर: सर, 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 74,897 दुचाकीवरची. तरी चारचाकीला गल्लोगल्ली क्लास आणि दुचाकीला मामा, हे काही मला पटत नाही. ब्रिटनमध्ये 1990 पासून नवशिक्याला एक बेसिक ट्रेनिंग सक्तीचं आहे, त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. आधी मैदानात, मग निदान दोन तास खऱ्या रस्त्यावर, शिकवणारा मागून दुसऱ्या गाडीवर आणि कानात रेडिओ. पुढे परीक्षेत 50च्या स्पीडला अचानक थांबून दाखवायचं आणि अडथळा चुकवून दाखवायचा. आठाऐवजी, किंवा आठासोबत म्हणा, एवढी एक थांबण्याची टेस्ट आरटीओच्या ट्रॅकवर घ्यायला काय लागतं? एक सरळ पट्टा आणि चार प्लॅस्टिकचे ट्रॅफिक कोन.

पण ट्रेनिंग म्हणजे जादू असं समजू नका. जगभरातले अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा ट्रेनिंगमुळे अपघात नक्की किती कमी होतात हे ठाम सांगता येईना, अभ्यासच कच्चे होते. शिवाय स्टंटबाजी शिकवली तर पोरांना उलटा माज चढतो. म्हणून मी थांबणं, बघणं आणि अंदाज घेणं एवढंच शिकवा म्हणतो, गुडघा टेकवून वळणं नको. तुमच्या शाळेचं मैदान रविवारी रिकामं असेल तर सुरुवात तिथूनही होईल, मुख्याध्यापकांशी एकदा बोलून बघा.