गाडीतला संडास: टाकीला वास का येतो, आणि ती कुठे सोडायची?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, राहणार निपाणी. मुलाने जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात झोपायची सोय, ओटा आणि संडास करून घेतला. आमच्या ह्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे प्रवासात फार सोय झाली. पहिल्याच फेरीत सौंदत्ती आणि बदामी केलं. बदामीत दोन रात्री एका लॉजच्या आवारात गाडी होती. तिथे टाकीचा पाइप त्यांच्या चेंबरला जोडून कॉक उघडाच ठेवला. परतताना गाडीत बसवेना इतका वास. घरी येऊन टाकी सोडली तर नुसतं पाणी आलं, आणि पॅनेलवरचा दिवा अजून 'भरली' म्हणतो. टाकी 80 लिटरची आहे. हे म्हणतात, पुढच्या वेळी वाटेत ओढा बघून सोडून देऊ. काय करावं?

उत्तर : बाई, सगळा घोळ त्या उघड्या कॉकने केलाय. कॉक उघडा राहिला की पाणी लगेच निघून जातं आणि घट्ट मैला जागेवरच बसतो, थरावर थर चढतो. आपल्याकडे गोबरगॅसला शेण घालताना पाणी बरोबरीने कालवतात, कोरडं शेण कुणी ढकलत नाही. ही टाकीही तशीच. पाणी असेल तर माल वाहतो, नाहीतर थापला जातो.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या शेडमध्ये गेल्या दिवाळीनंतर अशीच एक गाडी आली होती. संडासाच्या भांड्यातून बॅटरी मारून बघितलं, तर पाइपाच्या बरोबर खाली वारुळासारखा ढीग उभा, आणि त्याच्या चारी बाजूंना टाकी रिकामी. मालक सळई घेऊन आला होता, मी हातातून काढून घेतली. टाकी प्लॅस्टिकची असते, सळईने तडा गेला तर सगळीच बदलावी लागते. कॉक बंद करून वरून 50-60 लिटर पाणी भरलं, भांडी घासायचा साबण थोडा घातला आणि रात्रभर भिजू दिलं. सकाळी गाडी जांबोटीपर्यंत नेऊन आणली. रस्त्यातल्या खड्ड्यांनी पाणी आत चांगलं घुसळलं जातं. असं तीनदा केल्यावर पाणी स्वच्छ यायला लागलं. तुम्हीही हेच करा. दिव्याचंही बहुधा त्यातच सुटेल. टाकीच्या भिंतीत छोट्या पिना असतात, त्यांच्यावर मैला किंवा कागद चिकटला की रिकामी टाकीही भरलेली दिसते. तुम्ही पाणी वापरणारी माणसं, कागद टाकूच नका, निम्मा त्रास तिथेच टळतो.

यापुढे टाकी सोडून झाली की कॉक बंद करून लगेच आठ-दहा लिटर पाणी आत घालायचं, कोरडी ठेवायची नाही. दर वेळी तांब्याभर नको, सढळ हाताने पाणी ओता. टाकी दोन तृतीयांश भरल्याशिवाय सोडू नका, कारण जोर पाण्याच्या वजनाचाच असतो. कमी भरली असेल तर साधं पाणी घालून भरा. आधी संडासाची टाकी सोडा, मग ओट्याच्या सांडपाण्याची, म्हणजे त्या साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. हातात रबरी मोजे हवेतच.

वासाची आणखी दोन कारणं तपासा. टाकीची हवा जायला टपावर एक नळी काढलेली असते. कुंभारमाशी तिच्यात मातीचं घर करते आणि हवा कोंडते. मी अशा दोन नळ्या तारेने मोकळ्या केल्यात. दुसरं, भांड्याचं झाकण उघडताना टपावरचा पंखा चालू असेल तर तो टाकीतलीच हवा वर ओढतो. आधी पंखा बंद करा.

आता ओढ्याचं. बाई, ह्यांना माझ्यातर्फे हात जोडून सांगा, असं करू नका. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा खानापुरावरून सौंदत्तीजवळ नविलतीर्थ धरणात अडते, आणि तेच पाणी हुबळी-धारवाड पितं. तुमच्या वाटेवरचा ओढाही कुठल्यातरी नदीलाच मिळतो, आणि त्याच्या काठी कुणीतरी बाई कपडे धुते, जनावरं पाणी पितात.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे आपल्या घरचा सेप्टिक टँक. चेंबरचं झाकण काढून हळूहळू सोडा, वर दोन बादल्या पाणी ओता. प्रवासात लॉज किंवा पेट्रोल पंपाच्या मालकाला विचारून, पैसे देऊन त्यांच्या सेप्टिक टँकच्या चेंबरला जोडा. पावसाच्या उघड्या गटारीला मुळीच नको. खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, शोषखड्डे तुडुंब असतात. तिथे 80 लिटर एकदम ओतलं की घरमालकाच्या अंगणात येतं. वास मारणारं औषध घेताना फॉर्मॅल्डिहाइडचं घेऊ नका, त्याने सेप्टिक टँकमधले मैला पचवणारे जिवाणू मरतात. एन्झाइमचं मिळतं, ते बरं. संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, क्लोरिन वायू सुटतो आणि गाडीच्या एवढ्याशा खोलीत तो जिवावर बेततो.

आणि घरचा सेप्टिक टँक भरला तर उपसायला यंत्राचा टँकरच बोलवा. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस आत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. आतल्या वायूने माणूस ओरडायच्या आधी पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

प्रश्न : खानापूरजवळ आमचं शेत आहे. गाडीच्या ओट्याचं पाणी केळीला सोडलं तर चालेल का?

उत्तर : ओट्याचं चालेल, संडासाचं नाही. पण त्याच दिवशी सोडा. शिळं झालं की भाताचे कण कुजून त्याला संडासाच्या टाकीपेक्षा वाईट वास येतो. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवा, एकाच बुंध्याला रोज नको, आणि तव्या-कढईचं तेल धुण्याआधी रद्दी कागदाने पुसून घ्या.