डिसेंबरची पदवी, जूनचा अर्ज

सप्रेम आशीर्वाद.

एक सत्र आधीच, येत्या डिसेंबरात तुझी पदवी पूर्ण होणार हे वाचून डोळे भरून आले. वडिलांच्या आजारपणात कॉलेज सोडून अँब्युलन्सवर चार वर्षं रात्रपाळ्या केल्यास, मग दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजपासून परत सुरुवात केलीस. वयाच्या २७ व्या वर्षी सगळं लवकर उरकावंसं वाटणं मला समजतं. तरीही मेडिकलचा अर्ज या सप्टेंबरात घाईने टाकू नकोस. पुढच्या जूनमध्ये टाक. एक वर्ष जाईल, हे मान्य करूनच सांगते आहे.

मी तिशीत अर्ज केला तेव्हा नेमकी हीच घाई केली होती. ऑक्टोबरात अर्ज गेला आणि एकाही कॉलेजकडून मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. इथली, अमेरिकेतली, बहुतेक मेडिकल कॉलेजं अर्ज येतील तसे वाचतात आणि मुलाखतीच्या जागा भरत जातात. ॲमकासचा, म्हणजे बहुतेक मेडिकल कॉलेजांसाठीचा एकच सामायिक अर्ज, मे महिन्यात उघडतो, त्याच महिन्याच्या अखेरीपासून सादर करता येतो. प्रत्येक कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टशी, म्हणजे गुणपत्रकाशी, तो ताडून पाहण्यात, गर्दीच्या दिवसांत, कित्येक आठवडे जातात. शरद ऋतूत पोचलेला अर्ज रांगेच्या शेवटी उभा राहतो.

दुसरं, तुझं बायोकेमिस्ट्री या सत्रात आहे. ते होण्याआधी एमकॅटला, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, बसलीस तर त्या प्रश्नांना नुसत्या पाठांतराने तोंड द्यावं लागेल. जानेवारीपासून कॉलेज नसेल. तीन महिने नीट अभ्यास कर आणि एप्रिलमध्ये परीक्षा दे. निकालाला साधारण महिना लागतो, म्हणजे अर्जाच्या वेळी गुण तुझ्या हातात असतील.

केमिस्ट्रीतल्या त्या जुन्या 'सी'बद्दल. तो विषय पुन्हा घेतलास, 'ए' मिळवलास, कॉलेजने जुना ग्रेड सरासरीतून काढूनही टाकला. ॲमकास तसं करत नाही. तिथे दोन्ही ग्रेड मोजले जातात, त्यामुळे तुझा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, तुझ्या कागदावर दिसतो त्याहून कमी भरेल. आत्ताच वहीत आकडेमोड करून बघ. आणि कम्युनिटी कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट मागवायचं राहू देऊ नकोस. शिकलीस त्या प्रत्येक कॉलेजचं लागतं.

शिफारसपत्रं मात्र डिसेंबरच्या आत माग. कॉलेज सुटलं की प्राध्यापकांच्या आठवणीतून माणूस फार लवकर जातो. त्यांच्या ऑफिसच्या वेळेत समोर बसून विचार, सोबत तुझी थोडक्यात माहिती दे. मेडिकलला जाणाऱ्यांना मदत करणारं कॉलेजचं प्रि-हेल्थ ऑफिस पदवीनंतरही समितीचं, म्हणजे कॉलेजच्या वतीने एकत्रित शिफारशीचं, पत्र देतं का, हेही विचारून ठेव. आणखी एक: फेडरल (सरकारी) शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू होण्याआधीची सहा महिन्यांची सवलत जूनच्या सुमारास संपेल, नेमकी अर्जाच्या खर्चाच्या वेळी. अँब्युलन्सचं काम पूर्ण सोडू नकोस. फी सवलतीच्या योजनेत बसतेस का, ते अर्ज सादर करण्याआधी बघ.

आता निबंध. जागा ५,३०० अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. तुझ्या मसुद्यात पहिला अर्धा भाग उशीर का झाला याच्या खुलाशात गेलाय. तो काढ. माफी माग असं तुला कुणी सांगितलेलं नाही.

त्याऐवजी आजीची ती रात्र लिही. आजी "जीव घाबरा होतोय" म्हणत होती आणि कुणीतरी त्याचं भाषांतर 'चिंता' असं केलं होतं. तू डॉक्टरांना थांबवून सांगितलंस की ही काळजीची तक्रार नाही, छातीत काहीतरी होतंय, ईसीजी काढा. मला तू हे फोनवर सहज बोलता बोलता सांगितलं होतंस. अर्जात एक ओळही नाही! कामांच्या यादीतल्या १५ नोंदींपैकी तीनच सर्वांत अर्थपूर्ण म्हणून निवडता येतात. त्यात अँब्युलन्सची नोंद असू देच, पण निबंधाचा गाभा आजीच्या खाटेशी आहे.

पहिला मसुदा मराठीत लिही. "जीव घाबरा" हे दोन शब्द इंग्रजीत कसे न्यायचे ते आपण मिळून बघू. शनिवारी फोन कर, प्राध्यापकांची नावं तोवर पक्की असू देत.

तुझी,
मावशी