वाचकांचे प्रश्न : पाळी संपल्यानंतरचा रस्ता

प्रश्न : आमच्या कामाची साइट राहत्या ठिकाणापासून 60 किलोमीटरवर आहे. पाळी 12 तासांची असते आणि जाता-येता पिकअप मीच चालवतो. सोबत चार सहकारी असतात. गेल्या आठवड्यात परत येताना क्षणभर माझा डोळा लागला आणि गाडी कडेच्या खडीवर उतरली. चाकांखाली खडीचा आवाज झाला म्हणून मी जागा झालो. बाकीचे चौघेही झोपलेले असल्यामुळे कोणाला काही कळले नाही आणि मीही सांगितले नाही. तेव्हापासून मी काच उघडी ठेवतो व गाणी मोठ्याने लावतो. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : पुरेसे नाही. आपण हा प्रसंग मनात न ठेवता लिहून कळवलात, हे फार चांगले केलेत. आता तो त्या चौघांनाही सांगावा, कारण त्यांचेही जीव त्याच गाडीत होते.

वाऱ्याच्या झोताने किंवा मोठ्या आवाजाने काही मिनिटे तरतरी आल्यासारखे वाटते, पण झोपेची गरज त्याने तसूभरही कमी होत नाही. उलट आपण जागे आहोत असा खोटा भरवसा वाटू लागतो आणि माणूस थांबायचे सोडून पुढे जात राहतो. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 22 मीटर अंतर कापते. म्हणजे चार सेकंदांची डुलकी लागली तर गाडी जवळजवळ 90 मीटर कोणाच्याही ताब्यात नसताना धावते आणि समोर काही आले तर ब्रेकवर पाय पडत नाही. आपल्या नशिबाने त्या दिवशी कडेला खडी होती.

आता आपल्या दिवसाचा हिशेब मांडून पाहू. पाळीपूर्वी तासभर प्रवास, त्याआधी उठून आवरायला तास-दीड तास आणि मग 12 तासांचे काम. परतीसाठी आपण गाडीत बसता, तेव्हा उठल्याला साडेचौदा तास होऊन गेलेले असतात, आणि काम दोन-अडीच तास लांबले तर हाच आकडा 17 वर जातो. सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाची हात आणि डोळे यांचा मेळ राखण्याची क्षमता रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, असे 1997 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी चाचण्या घेऊन दाखवले होते. अनेक देशांत वाहनचालकासाठी मद्याची कायदेशीर मर्यादा नेमकी एवढीच आहे. प्यायलेल्या चालकाच्या हाती आपण कोणी किल्ली देणार नाही. जागरणाने थकलेल्याच्या हाती मात्र रोज देतो, कारण त्याच्या तोंडाला वास येत नाही.

थकव्याला उतारा एकच, आणि तो म्हणजे झोप. निघण्यापूर्वी डोळ्यांवर झापड येत असेल तर गाडी साइटवरच उभी ठेवून 15 ते 20 मिनिटे झोपावे. झोपण्याआधी कपभर कॉफी घेतली तर अधिक चांगले, कारण कॉफीचा परिणाम जाणवायला साधारण अर्धा तास लागतो आणि तोवर आपली डुलकी पूर्ण झालेली असते. जाग आल्याबरोबर स्टिअरिंग हाती घेऊ नये. थोडे चालावे, तोंड धुवावे आणि डोके हलके झाल्यावरच निघावे. वाटेत वारंवार जांभया येऊ लागल्या, गाडी आपली लेन सोडू लागली किंवा मागचे दोन-तीन किलोमीटर कसे सरले ते आठवेना, तर मुक्काम कितीही जवळ असला तरी रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागा पाहून थांबावे. घर जवळ आले की माणूस सैल पडतो, आणि शेवटच्या टप्प्यात डोळा लागण्याचे तेही एक कारण असते. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीर आपसूकच झोपेकडे झुकते. आपली पाळी अशा वेळी सुटत असेल तर दुप्पट सावध राहावे.

तरीही ही डुलकी म्हणजे तात्पुरती मलमपट्टी आहे, हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. दिवसभर अंगमेहनत केलेल्या माणसानेच रोज चौघांना घरी न्यायचे, ही व्यवस्थाच मुळात चुकीची आहे. सुपरवायझरशी बोलताना ‘मला झोप येते’ एवढेच न सांगता पाळीचे आणि प्रवासाचे तास एकत्र लिहून त्यांच्यापुढे ठेवावेत आणि वेगळा चालक, साइटची बस किंवा निदान चालवण्याच्या पाळ्या मागाव्यात. यात कमीपणा वाटण्याचे काहीच कारण नाही. तोवर गाडीत एक नियम करावा : चालकाशेजारी बसणाऱ्याने झोपायचे नाही. त्याने बोलत राहावे, चालकाच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवावे आणि त्याचा फोनही स्वतःकडे घ्यावा.

लवकर पोहोचून थोडे अधिक झोपू, या विचाराने वेग वाढवण्याचा मोहही टाळावा. ताशी 60 ऐवजी 75 किलोमीटर वेगाने गेल्यास आपल्या प्रवासात फार तर 12 मिनिटे वाचतात, मात्र ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर दीडपटीहून अधिक वाढते.

प्रश्न : साइटच्या फाटकापासून आत जेमतेम एक किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे आणि तिथे सतत डंपरची ये-जा असते. एवढ्याशा अंतरासाठी सीटबेल्टची गरज आहे का? धुळीत पुढचे दिसत नाही, तेव्हा काय करावे?

उत्तर : सीटबेल्ट इंजिन सुरू करण्यापूर्वी लावावा आणि इंजिन बंद केल्यावरच काढावा. पुढच्या सीटवरील माणसाचा मृत्यूचा धोका पट्ट्यामुळे जवळजवळ निम्म्याने घटतो, आणि भरलेला डंपर येऊन धडकतो तेव्हा फाटक किती जवळ होते याला अर्थ उरत नाही.

धुळीत डंपरच्या मागोमाग जाऊ नये. थांबावे, धूळ खाली बसू द्यावी, हेडलाइट लावून मगच पुढे जावे. डंपरच्या जोडचाकांत अडकलेला दगड कधी सुटून मागे उडेल याचा नेम नसतो, त्यामुळेही अंतर हवेच. ज्या आरशात आपल्याला चालकाचा चेहरा दिसत नाही, त्या आरशात त्यालाही आपण दिसत नाही, हे धरून चालावे. आणि चेहरा दिसला तरी त्याने हाताने खूण केल्याशिवाय त्याच्या बाजूने पुढे काढू नये.

आणखी एक बारीकशी गोष्ट आहे, जिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. साइटवरून निघताना बुटांच्या तळव्यांना ओला चिखल असतो आणि ब्रेकच्या पेडलवरून असा बूट सटकतो. गाडीत बसण्यापूर्वी तळवे खरवडून घ्यावेत. फावडी, पहारी, सिलिंडर ही अवजारे हौद्यातही मोकळी ठेवू नयेत आणि माणसे बसतात तिथे तर मुळीच ठेवू नयेत.

प्रश्न : माझे पती साइटवरचे पिवळे हेल्मेट घालूनच मोटारसायकलवर ये-जा करतात. ते चालेल का?

उत्तर : चालणार नाही. ते हेल्मेट वरून पडणाऱ्या वस्तूंपासून डोके वाचवण्यासाठी असते. मोटारसायकलवरून पडताना डोके बाजूने, मागून किंवा समोरून आपटते, आणि त्या आघातासाठी ते बनवलेले नसते. शिवाय पहिल्याच धक्क्यात ते डोक्यावरून निसटू शकते. दुचाकीचे हेल्मेट वेगळे घ्यावे आणि हनुवटीखालचा पट्टा घट्ट लावावा. साइटवरचे चमकते जाकीट मात्र अंगावर राहू द्यावे, म्हणजे अंधारात मागून येणाऱ्या गाडीला ते दुरूनच दिसतील.