'आईच्या दुधासारखे' : कशात सारखे?

प्रश्न सोलापूरचा आहे. पूर्व भागातल्या गरोदर बायका आणि बाळंतिणींसाठी एक मराठी पत्रक तयार होत आहे. डब्याच्या दुधाच्या जाहिराती आईच्या दुधाशी तुलना कशी करतात, हे त्यात समजावून सांगायचे आहे. मूळ इंग्रजी मजकुरातले 'क्लोजेस्ट टू', 'इन्स्पायर्ड बाय', 'सब्स्टिट्यूट' हे शब्द मराठीत आणताना 'सारखे', 'समान', 'प्रेरित', 'पर्याय', 'पूरक' यांपैकी काय वापरावे, असे विचारले आहे.

आधी उत्तर देतो. कंपनीचा दावा उद्धृत करताना 'सर्वात जवळचे' हे 'सर्वात जवळचे'च ठेवा, त्याचे 'सारखे' किंवा 'समान' करू नका. 'सब्स्टिट्यूट'ला 'ऐवजी' वापरा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाबद्दल लिहिताना 'पूरक' हा शब्द पत्रकातून काढूनच टाका.

कारण समजायला शाळेतले अलंकार आठवावे लागतील. उपमेचे घटक चार: उपमेय (जिची तुलना करायची ती गोष्ट), उपमान (जिच्याशी करायची ती), साधारण धर्म (दोघांत सारखा असलेला गुण) आणि साम्यवाचक शब्द. 'मुख चंद्रासारखे सुंदर' यात चारही आहेत, म्हणून ती पूर्णोपमा. 'सुंदर' गाळले तर ती लुप्तोपमा, आणि गाळलेला धर्म वाचक आपल्या मनाने भरतो. कवितेत ही गंमत असते. डब्याच्या जाहिरातीत सगळा व्यवहारच या गाळलेल्या जागेवर चालतो. 'आईचे दूध' हे उपमान उच्चारले की वाचणारी तिथे पचायला हलके, ताजे, आजार अडवणारे, बाळाला मानवणारे असे सगळे धर्म भरते. कंपनीपाशी दाखवायला मात्र यातला एखादाच मोजता येणारा धर्म असतो. म्हणून पत्रकात प्रत्येक दाव्यापुढे 'कशात?' हा प्रश्न छापा आणि गाळलेला धर्म जागेवर आणा.

प्रथिनांचा दावा घ्या. गाईच्या दुधातल्या प्रथिनांत साधारण ८० टक्के केसीन असते, म्हणजे दूध फाडल्यावर गोळा होणारी प्रथिने, आणि २० टक्के व्हे, म्हणजे वर राहणाऱ्या निवळीतली प्रथिने. आईच्या दुधात व्हे जास्त असते. व्हे आणि केसीन यांचे ढोबळ प्रमाण ६०:४० धरतात, पण सुरुवातीच्या दिवसांत व्हे त्याहून बरेच जास्त असते आणि पुढे ते कमी होत जाते. कारखान्यात गाईच्या दुधात निवळीतली प्रथिने वाढवून प्रमाण ६०:४० वर आणतात, आणि मग 'प्रथिनांचे प्रमाण आईच्या दुधासारखे' असे लिहिता येते. हे खोटे नाही. फक्त सारखा आहे तो आकडा. गाईच्या व्हेमध्ये सर्वाधिक असणारे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन बाई स्वतः तिच्या दुधात बनवतच नाही. पूर्ण वाक्य असे होईल: 'प्रथिनांच्या दोन गटांचे प्रमाण आईच्या दुधासारखे, प्रथिने गाईची.' असे वाक्य कोणी डब्यावर छापणार नाही.

एचएमओचे प्रकरण भाषेच्या दृष्टीने त्याहून मजेदार आहे. ह्यूमन मिल्क ऑलिगोसॅकराइड्स, म्हणजे आईच्या दुधातल्या विशिष्ट शर्करा. आईच्या दुधात त्यांचे दीडशेहून अधिक प्रकार आढळले आहेत. परदेशी बाजारातल्या अनेक डब्यांत त्यातला एखादा किंवा मोजके काही घातलेले असतात, बहुधा टू-प्राइम-फ्युकोसिललॅक्टोज. तो सूक्ष्मजीवांकडून किण्वनाने तयार करून घेतात. रेणू हुबेहूब तोच, यात वाद नाही. पण घटकाच्या नावातच 'ह्यूमन मिल्क' असल्याने, थेंबभरही मानवी दूध नसलेल्या डब्यावर ते शब्द रीतसर छापले जातात. इथे साम्यवाचक शब्दाचीही गरज उरत नाही. मराठी करताना 'मानवी दुधातील शर्करा' असे लिहिलेत तर कंपनीचे काम तुम्हीच फुकटात कराल. 'आईच्या दुधात आढळणाऱ्या दीडशेहून अधिक शर्करांपैकी एक, सूक्ष्मजीवांपासून बनवलेली' असे लांबलचकच लिहा. डीएचए या स्निग्धाम्लाचेही तेच: मेंदू आणि डोळ्यांचे चित्र दाखवतात, पण डब्यातला डीएचए माशाच्या तेलातून किंवा शैवालातून आलेला असतो.

शिवाय उपमान स्थिर नाही. पहिल्या दिवसांतला चीक वेगळा, महिन्यानंतरचे दूध वेगळे; एकाच वेळच्या पाजण्यात सुरुवातीचे पातळ, शेवटचे जास्त स्निग्ध. आईला ज्या जंतूंशी सामना करावा लागतो त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे आणि जिवंत पेशी त्यात येतात. हे भुकटीत येत नाही. तेव्हा 'आईच्या दुधासारखे' यावर आणखी एक प्रश्न: कोणत्या दिवसाच्या?

आता 'सर्वात जवळचे'. यातला 'सर्वात' कोणाशी तुलना करतो? इतर डब्यांशी. जवळ म्हणजे किती जवळ, हे तो सांगत नाही. सोलापूरला सर्वात जवळचा समुद्र कोणता, याला उत्तर आहे, पण म्हणून सोलापूर किनाऱ्यावर येत नाही. 'प्रेरित' त्याहून निसरडा. तो मालाबद्दल काहीच विधान करत नाही, बनवणाऱ्याच्या मनाबद्दल करतो, त्यामुळे खोटा ठरवताच येत नाही. या शब्दांची निवड सहज झालेली नाही. भारतात १९९२ चा शिशुदुग्धपर्याय कायदा आहे, २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या अशा दुधाची जाहिरातच त्याने बंद केली. हे दूध आईच्या दुधाच्या तोडीचे किंवा त्याहून चांगले आहे, असा समज कोणत्याही प्रकारे करून देण्यालाही मनाई केली. डब्यावर बाळाचे वा बाईचे चित्र चालत नाही, आणि 'ह्युमनाइज्ड', 'मॅटर्नलाइज्ड' किंवा त्यांसारखे शब्दही चालत नाहीत. 'मातृदुग्धसम' असा समास कोणी सुचवला असेल तर तो नेमका या बंदीत बसतो. 'तोडीचे' म्हणायला बंदी, म्हणून 'जवळचे'. पण कायद्यातले 'कोणत्याही प्रकारे' हे शब्द विसरू नका, 'जवळचे'लाही ते लागू पडू शकतात. नावात मुरलेल्या उपमेचे मात्र काय करणार? 'सिमिलॅक' हे १९२० च्या दशकातले अमेरिकी नाव 'सिमिलर टू लॅक्टेशन' यावरून आले, असे सांगतात.

आणखी एक पळवाट पत्रकात यायला हवी. दोन वर्षांवरच्या मुलांची दूधपावडर या बंदीच्या बाहेर राहते. तिचा डबा, रंग, नाव धाकट्या भावंडाच्या डब्यासारखे ठेवले की एकाच्या जाहिरातीत दुसऱ्याचे काम होते.

'पर्याय' आणि 'पूरक' यांत मराठीचाच घोटाळा आहे. 'पर्याय' म्हणताना आपल्याला दोन तुल्यबळ गोष्टींतली निवड ऐकू येते. 'पर्यायी शब्द' म्हणजे तर समानार्थी शब्द! सरकारी भाषेत तो 'सब्स्टिट्यूट'ला रूढ आहे, कायद्याचे नाव घेताना ठेवा, एरवी टाळा. सोलापुरात गिरण्यांमुळे 'बदली' हा शब्द घरोघरी कळतो: कायम माणूस नसेल तेव्हा उभा राहणारा. अर्थ चपखल आहे, पण दुधाला 'बदली दूध' म्हटले की 'बदललेले दूध' वाटण्याचा धोका. म्हणून 'ऐवजी' बरा. 'आईच्या दुधाऐवजी दिले जाणारे दूध' यात फक्त जागा सांगितली आहे, तुलना नाही. 'पूरक' हा अंगणवाडीच्या भाषेत सहा महिन्यांनंतरच्या वरणभात-खिमटीचा शब्द आहे. इंग्रजीतले 'कॉम्प्लिमेंट' आणि 'सप्लिमेंट' दोन्ही मराठीत 'पूरक' होतात, आणि दीड महिन्याच्या बाळाला 'पूरक दूध' द्यायचे असते असा अर्थ निघतो. पहिले सहा महिने आईच्या दुधावरच ठेवायचे, आपल्याकडच्या वैशाखातही वेगळे पाणी द्यायचे नाही, हे त्या एका शब्दाने पुसले जाते.

बायका बोलताना 'अंगावरचं दूध' आणि 'वरचं दूध' म्हणतात, तेच पत्रकात घ्या. दवाखान्यातल्या 'टॉप फीड'ला 'वरचं दूध' अगदी जुळते. पूर्व भागात घरी तेलुगू बोलणाऱ्या अनेकजणी असतील. तेलुगूत 'तल्लि पालु' म्हणजे आईचे दूध आणि 'पोत पालु' म्हणजे ओतून पाजायचे. कानडीत 'एदे हालु', छातीचे दूध. दूध कुठून येते आणि कसे पाजतात एवढेच हे शब्द सांगतात, बरोबरी कोणीच करत नाही.

'आईचे दूध सर्वोत्तम' हे वाक्य डब्यावर कायद्यानेच छापावे लागते. तुमच्या पत्रकावर ते तसे असण्याची सक्ती नाही, आणि मी तरी ते बदलेन. सर्वोत्तम म्हटले की खाली उत्तम आणि बरे अशा पायऱ्या आपोआप तयार होतात, आणि डबा दुसऱ्या पायरीवर आरामात बसतो. 'पहिले सहा महिने बाळाचे अन्न म्हणजे आईचे दूध' यात पायऱ्या नाहीत. उलट टोकाला जाऊन 'नकली', 'विषारी' असेही लिहू नका. काही बाळांना डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध द्यावेच लागते, त्या आईला अपराधी वाटता कामा नये.

तिच्यासाठीचा मजकूर कोरडा आणि नेमका हवा. भुकटी निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून घ्यायचे आणि किमान ७० अंश सेल्सियस गरम असतानाच त्यात भुकटी घालायची, मग गार करून पाजायचे. आधी पाणी मोजायचे, मग भुकटी. चमचा त्याच डब्यातला, सपाट भरलेला, शीग न लावता. किती पाण्याला किती चमचे हे त्याच डब्यावरचे पाहायचे. डबा पुरवायला पाणी वाढवले तर बाळाचे पोषण घटते, भुकटी वाढवली तर मूत्रपिंडावर ताण येतो. तयार दूध दोन तासांत संपले नाही तर फेकायचे. 'शीग' हा शब्द जरूर ठेवा. 'समतल चमचा' कोणाला कळणार नाही. आणि 'सारखं' इथे कुठेच नको: 'सारखं दूध पाजा' याचा अर्थ 'सतत पाजा' असा होतो.

पत्रकाच्या तळाशी छपाईची आणि प्रकाशनाची तारीख, मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे टाका. बाळाच्या आहाराविषयी आयांसाठी काढलेल्या साहित्यावर ती असलीच पाहिजेत, असे याच कायद्याचे कलम ७ सांगते.